तांब्याशिवायचा कोळसा

सर निवृत्त झाले तेव्हा विभागातून निरोप आला, की जुन्या विद्यार्थ्यांनी सरांविषयी दोन ओळी लिहून पाठवाव्यात, एक लहानशी पुस्तिका काढायची आहे. मी तीन दिवस त्या दोन ओळी लिहीत होते. पहिली जमली : ‘सर आम्हाला एम.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवत.’ दुसरी काही जमेना. जे लिहीन ते सरांनी वाचलं तर ‘हे कशावरून?’ असं विचारतील, ही भीती. शेवटी पुस्तिकेची तारीख गेली. मग म्हटलं, आता सावकाश लिहू.

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हातारे वाटले. डोकं पांढरंफटक. वर्गात शिरले, पंख्याखाली उभे राहिले आणि बघता बघता निम्मे केस काळे झाले. पांढरं होतं ते उडून पहिल्या बाकावर आमच्या वह्यांवर पडलं. ती रुई होती. सर सकाळी कॉलेजला येण्याआधी भिवंडीतल्या कामतघरला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात जात आणि लूमखाली साचलेली कापसाच्या रुईची धूळ पोत्यात भरून आणत. त्या रुईचा ते कोळसा करत. त्या कोळशावर तांब्याचे कण बसवत, इतके बारीक की आमच्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायचे नाहीत. आणि त्या कणांकडून कापड रंगवलेल्या पाण्यातला रंग मोडून घेत. वीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं.

लूमच्या मालकांना आम्ही चाचा म्हणायचो. सरांबरोबर पोतं धरायला एकदा मी गेले होते. लूमचा खडखडाट एवढा, की दोघंही ओरडूनच बोलत होते.

“सरजी, इतने साल से ले जा रहे हो. इस कचरे का करते क्या हो?”

“कोयला बनाता है!” सरांचं हिंदी असंच होतं.

चाचांनी कान पुढे केला. “क्या बनाते हो?”

“कोयला! कोयला!”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चाचा सरांच्या खांद्यावर हात ठेवून फार मायेने म्हणाले, “सरजी, कोयला तो बाज़ार में मिलता है.”

सरांना याचं कधीच वाईट वाटलं नाही. परत येताना रिक्षात पोतं मांडीवर घेऊन ते मला समजावत होते. “बाजारातला कोळसा म्हणजे बंद पेटी. आपला कोळसा म्हणजे ही बघ, ही चाळ.” रिक्षा तेव्हा कामतघरच्या एका चाळीवरूनच चालली होती. “बाहेरून एवढीशी. आत खोल्या किती, खोल्यांत पोटमाळे किती, माणसं किती, मोजून संपत नाहीत. आपला तांब्याचा कण एकेका खोलीत एकटा बसवायचा. एकटा असला की काम करतो. चारजण एकत्र आले की गोळा होऊन बसतात, काम बंद.” मग पोतं सावरत म्हणाले, “आमच्या स्टाफरूमसारखं.”

मला नॅनोकण कळले ते त्या रिक्षात. पुस्तकात ते इंग्रजीत होते.

पण सरांचं खरं वेड कोळशाचं नव्हतं. ब्लँकचं होतं. ब्लँक म्हणजे ज्या गोष्टीमुळे फरक पडला असं आपण म्हणतो, तीच काढून घेऊन प्रयोग पुन्हा करायचा. तांब्याने रंग जातो म्हणतेस? मग तांब्याशिवाय करून दाखव. तरीही रंग गेला तर तांब्याला कशाला शाबासकी द्यायची? एवढीच गोष्ट. प्रयोगशाळेत ती सगळेच शिकवतात. सर ती प्रयोगशाळेबाहेर घेऊन जात.

चहाचंच घ्या. दुपारच्या चहाने तरतरी येते असं कोणीतरी म्हणालं. सरांनी दोन महिने एक दिवस चहा आणि एक दिवस नुसतं गरम पाणी प्यायलं आणि रोज वहीत नोंद केली. मग त्यांना शंका आली की गरम पाण्याचाही संबंध नसावा. म्हणून ते टपरीपर्यंत चालत जाऊन काहीही न पिता परत येऊ लागले. तरतरी तेवढीच. सरांनी चहा सोडला, पण टपरीपर्यंत जाणं सोडलं नाही. रोज तीन वाजता यायचे, दोन मिनिटं उभे राहायचे आणि वळून निघून जायचे. टपरीवाल्या भैयाने आठवडाभर सहन केलं आणि मग मला गाठलं. “दीदी, सर हमसे नाराज़ हैं क्या? रोज आके देखते हैं, और बिना कुछ बोले चले जाते हैं.”

मला एकदा ताप आला आणि आईच्या काढ्याने उतरला. कॉलेजला आल्यावर मी ते सहज सांगितलं. सर म्हणाले, “काढा घेतला नसतास तर किती दिवसांनी उतरला असता?” मी हा प्रश्न घरी नेला. आमचं घर भिवंडीजवळच्या वळ गावात आहे. चुलीपुढे बसलेल्या आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुज्या सरांना सांग, मला एकच पोरगी हाय. दुसरी असती तर तिला बिनकाढ्याची ठेवली असती.”

मी सरांना हे जसंच्या तसं सांगितलं. सर हसले नाहीत. “बरोबर आहे त्यांचं,” म्हणाले. “नमुने कमी आहेत.”

त्यांना हरवलेलं मी एकाच माणसाला पाहिलं. आमचे प्रयोगशाळेतले काका, म्हणजे तिथले शिपाई. काका तीस वर्षं त्याच खोलीत होते. प्रत्येक दसऱ्याला ते सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. भिवंडीत लूमलाही घालतात, तर आमच्या यंत्रांनी काय पाप केलं? एका वर्षी विभागात अगदी सारखी दोन नवी ढवळायची यंत्रं आली, ज्यांना आम्ही स्टरर म्हणतो. सरांनी काकांना सांगितलं, पूजा एकाचीच करायची. दुसऱ्याला फूलसुद्धा नको. काकांना ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं. सरांनी दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या : ‘सपूज’, ‘अपूज’. दिवाळीनंतर महिन्याभरात सपूज जळालं.

सर काकांकडे गेले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. “काका, काय म्हणणं आहे?”

काका फडक्याने टेबल पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “पूजा केली म्हणून दिवाळीपर्यंत टिकलं सर. न्हायतर दसऱ्यालाच गेलं असतं.”

सरांनी जळालेल्या यंत्राकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले. बराच वेळ कागदावर काहीतरी मांडून पाहत होते. संध्याकाळी निघताना मला म्हणाले, “त्यांना उत्तर द्यायचं तर तेच यंत्र पूजेशिवाय पुन्हा जाळावं लागेल. नाही जमत.”

हे सगळं आठवलं की मला हसू येतं. पण आता जे सांगणार आहे त्यात मी हसण्यासारखी वागले नव्हते.

मला एम.एस्सी.ला बसवताना बाबांनी एक अट घातली होती. बाबा गोदामात माल उतरवायच्या ड्युटीवर होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. ते म्हणाले होते, “दोन वर्सं शिक. तिसरं न्हाय. मामाने स्थळ आणलंय, मी त्याला दोन वर्सं थांब सांगितलंय.” चिडून नव्हते म्हणाले. त्यांनी मामाला शब्द दिला होता आणि तो पाळायचा होता. दोन वर्षांत पास झाले तर पुढचं बोलता येईल एवढी फट होती. नापास झाले तर तीही नाही. आणि पास व्हायचं तर मार्चमधल्या एका शनिवारी प्रबंधावर सरांची सही हवी होती.

माझा प्रबंध सरांच्याच विषयावर होता. रुईचा कोळसा, मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, पाण्यातून त्यावर बसवलेले तांब्याचे कण, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने मोडायचा लाल रंग. मोरचूद बाबांना माहीत होतं. पूर्वी शेत होतं तेव्हा ते भाजीवर फवारायचे. माझ्या अभ्यासातला तेवढा एकच शब्द घरात सगळ्यांना कळायचा, म्हणून मी तो पुन्हापुन्हा सांगायचे.

शनिवारला सहा दिवस राहिले असताना प्रयोग जमला. अर्ध्या तासात शंभरातले शहाण्णव भाग रंग गेला. चंचुपात्रातलं लाल पाणी माझ्या डोळ्यांसमोर नितळ झालं. मी धावत सरांकडे गेले; रविवार असूनही सर त्यांच्या खोलीत होते. सरांनी आकडा पाहिला आणि विचारलं, “ब्लँक?”

ब्लँक केला नव्हता. होता तेवढा सगळा कोळसा मी मोरचुदाच्या पाण्यात भिजवून बसले होते. साधा कोळसा उरलाच नव्हता. तो पुन्हा करायचा म्हणजे कामतघरहून रुई आणा, भट्टीत घाला, धुवा, वाळवा, यात तीन दिवस जाणार. आणि अजून टायपिंग व्हायचं होतं. मी म्हणाले, “उद्या दाखवते सर.”

दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं : ‘तांब्याशिवायचा कोळसा : रंगात घट शून्य.’ मला खरंच वाटत होतं की शून्यच येईल. रंग तांबं मोडतं, मग तांबं नसेल तर कोण मोडणार? मला वाटलं, मी खोटं लिहीत नाही, फक्त आधी लिहिते आहे.

सरांनी ते पान वाचलं. चष्मा कपाळावर नेला आणि पुन्हा वाचलं.

“शून्य?”

“हो सर.”

“अगदी शून्य? एक नाही, दोन नाही?”

“नाही सर.”

“वा!” सर म्हणाले. “असा कोळसा मी आयुष्यात पाहिला नाही.”

मला ती शाबासकी वाटली. आज हे लिहितानाही कान गरम होतात. सर तेवढ्यावर थांबले नाहीत. काकांना म्हणाले, “काका, हिने काय कोळसा केलाय! रंगाला हातही लावत नाही.” दुपारी शेजारच्या विभागातल्या मॅडमना घेऊन आले. “हीच ती मुलगी. हिचा कोळसा फार सोवळा आहे.” मॅडम हसल्या. मीही हसले. जाताना सर मला म्हणाले, “तो कोळसा चिमूटभर मला दे हं. जपून ठेवायचाय.”

द्यायला कोळसाच नव्हता. म्हणून मंगळवारी सकाळी मी एकटीच कामतघरला गेले. चाचांनी पोतं स्वतः भरून दिलं आणि विचारलं, “सरजी ठीक हैं ना? बेटी, उनका ध्यान रखो. घर में कोई कोयला लाके नहीं देता होगा.” दोन दिवस भट्टी आणि धुणं चाललं. गुरुवारी दुपारी साधा काळा कोळसा हातात आला. सरांना चिमूटभर द्यायचा होता तेवढा काढून ठेवला. उरलेला, आता केलाच आहे तर, म्हणून लाल पाण्यात टाकला, पेरॉक्साइड घातलं आणि स्टरर सुरू केला.

अर्ध्या तासाने पाणी जवळजवळ नितळ झालं.

तांबं नाही, काही नाही, आणि तरी रंग गेलेला. आकडा घेतला. ऐंशी. पुन्हा घेतला, एक्याऐंशी. मी स्टूलवरून उठले आणि खाली फरशीवर बसले. काका म्हणाले, “काय गो, चक्कर आली?” मी नाही म्हणाले. मला दोन गोष्टी एकदम कळल्या होत्या. एक म्हणजे वहीतलं शून्य खोटं होतं. दुसरी म्हणजे तांब्याने काही केलं होतं की नाही हेच आता मला माहीत नव्हतं.

सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते चष्मा फिल्टर पेपरने पुसत होते.

“सर, शून्य नाही. ऐंशी आहे. मी ब्लँक केलाच नव्हता. तसंच लिहिलं.”

“माहीत आहे.”

“कधीपासून सर?”

“तू लिहिलंस तेव्हापासून. अगं, कोळसा आणि शून्य? कोळसा रंग मोडत नाही, पण शोषून घेतो. एवढ्या खोल्या कशासाठी आहेत त्याला? तुमच्या घरी पाण्याच्या फिल्टरमध्ये काय असतं?”

“आमच्या घरी फिल्टर नाही, सर.”

पुसलेला चष्मा सरांनी पुन्हा पुसला. “माझा दाखला चुकला,” म्हणाले. “हे मी तुला पहिल्या वर्षीच सांगायला हवं होतं. सगळ्यांना माहीतच असतं असं धरून चाललो.” मग एकदम आवाज बदलून म्हणाले, “पण तीन दिवस मी गावभर तुझ्या कोळशाचं कौतुक करतोय. तुला एकदाही वाटलं नाही, की या माणसाला आवरावं?”

“वाटलं सर. भीती वाटली.”

“मलाही,” सर म्हणाले. “की तू येणारच नाहीस. चल.”

मला वाटलं होतं, आता सही गेली. सर तर प्रयोगशाळेकडे जवळजवळ पळत निघाले होते. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं : गेलेला रंग कुठे गेला? दोन्ही कोळसे गाळून घेतले, साधा आणि तांब्याचा, आणि आत अडकलेला रंग सुटावा म्हणून दोन्हींवर स्पिरिट ओतलं. साध्या कोळशातून लाल धार लागली. गेलेला सगळा रंग आत दडून होता, तो जसाच्या तसा बाहेर आला. तांब्याच्या कोळशातून मात्र फिकट गुलाबी थेंब पडले. मोजलं तर जेमतेम तिसरा हिस्सा परत आला होता. बाकीचा कुठेच नव्हता. म्हणजे तो खरोखर मोडला होता.

“बघ,” सर म्हणाले. “तुझं तांबं काम करतं. शहाण्णव नाही करत. पण करतं.”

सही त्यांनी शनिवारी केली. अट एकच. वहीतलं शून्याचं पान फाडायचं नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, शून्य वाचता आलं पाहिजे, आणि प्रबंधातही चार ओळींत लिहायचं, की हे मी न करता लिहिलं होतं. टायपिंगवाल्याने त्या ओळी वाचून मला दोनदा विचारलं, “हे ठेवायचंच आहे ना, ताई?”

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक मुंबईचे होते. मोठे गृहस्थ, मोजकं बोलणारे. मी फळ्याजवळ उभी राहून माझं सांगितलं. ते पानं उलटत त्या चार ओळींवर आले आणि थांबले.

“हे तू लिहिलंस?”

“हो सर.”

“एक आकडा तू न मोजता लिहिलास, हे तूच सांगतेस. मग बाकीचे मोजून लिहिलेस हे मी कशावरून धरू?”

खोटं तर बोलायचं नव्हतं, पण खरंही सापडेना. गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन बाबा खाली गेटपाशी उभे होते, ते डोळ्यांसमोर आले. मला नापास केलं तर परीक्षकांचं काही चुकलं असं मला म्हणता आलं नसतं. मी सरांकडे पाहिलं. मार्गदर्शकाने मध्ये बोलायचं नसतं. सर खिडकीबाहेर पाहत होते.

“सर,” मी शेवटी परीक्षकांना म्हणाले, “तुम्ही धरू नका. मी आत्ता करून दाखवते.”

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. “किती वेळ?”

“अर्धा तास. आणि मग गाळायला थोडा.”

“जेवणाची वेळ आहे,” परीक्षक म्हणाले. तोवर काकांनी, कुणी सांगितलेलं नसताना, दोन स्टरर टेबलावर आणून ठेवले होते.

अर्धा तास आम्ही चौघं लाल पाणी फिरताना पाहत राहिलो. मी हात पाठीमागे धरले होते. दोन्ही चंचुपात्रं हळूहळू फिकी झाली. परीक्षक खुर्चीतून पुढे वाकले, मग उठलेच. मी गाळणं लावलं. तांब्याच्या कोळशावर स्पिरिट ओतलं. थेंब पडला. फिकट. दुसराही फिकट.

मी साध्या कोळशाकडे वळले तेव्हा परीक्षकांनी हात पुढे केला. “थांब. इथे मला ओतू दे.”

त्यांनी बाह्या वर केल्या आणि स्पिरिट ओतलं. खालच्या काचेत लालभडक धार उतरली. परीक्षक ती संपेपर्यंत पाहत राहिले, आणि एवढा मोठा माणूस खुदकन हसला. “कोळशाने सगळं पोटात ठेवलं होतं की हो,” सरांना म्हणाले. त्यांनी परत खुर्चीत बसून गुणपत्रिका ओढून घेतली आणि काचा धुऊन झाल्यावर लिहावं तसं तिथेच, ओल्या हाताने, लिहायला लागले. लिहिता लिहिता त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

“तू सकाळपासून उभीच आहेस का? बस ना.”

त्या टेबलापाशी मोकळी खुर्ची नव्हती. सर उठले, त्यांनी आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः टेबलाला टेकून उभे राहिले. मी नको म्हणणार होते. पण परीक्षकांनी तोवर पुढचा प्रश्न विचारला होता, तांबं किती वेळा वापरता येईल, आणि तो प्रश्न सरांना नव्हता, मला होता. मी बसले आणि सांगायला लागले.